नावाडी काय म्हणाला

३ मार्च, मंगळवार

नऊ दिवस टाळलं. वही उशाशी, पेन वहीत, आणि मी रोज म्हणते उद्या. दिवसभर मोठ्यानं वाचून घसा बसतो, आणि घसा बसला की हातही बसतो अशी मी माझी समजूत करून घेतलीये. शुद्ध आळस आहे. पण आज लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही, एवढं डोकं तापलंय!

आधी कामाचं. नाहीतर सहा महिन्यांनी वही उघडीन आणि मलाच कळायचं नाही मी तेव्हा कुठल्या गावी काय करत होते. तर — छापखाना. वरच्या मजल्यावर अरुंद खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी. माझ्या हातात लेखकानं हातानं लिहिलेली पानं. समोर प्रुफं तपासणाऱ्या काकू, त्यांच्या हातात त्याचीच छापील प्रुफं. मी मोठ्यानं वाचायचं — शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं — आणि काकूंनी ऐकत ऐकत प्रुफावर बोट फिरवत ताडून बघायचं. चुकलं तिथे लाल पेन. गठ्ठा संपला की वरच्या पानावर काकू लिहितात, "हस्तलिखिताबरहुकूम", आणि खाली सही. एकतीस वर्षं त्या हे करतायत. मी पाच आठवडे.

नववीत शाळा सोडलेलीला ह्याहून बरं काय मिळणार! फेरीबोटीवर तिकिटं फाडली, कोंबड्यांच्या शेडात राहिले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बसून करायचं काम हे पहिलंच. दारावरची सूचना मोठमोठ्यानं वाचत आत शिरले म्हणून काकूंनी ठेवून घेतलं. "आवाज बरा आहे," म्हणाल्या, "डोकं नंतर बघू." मी एका जागी सहा महिने टिकत नाही हे कळल्यावर माझं नाव पडलं भिंगरी. पायाला भिंगरी म्हणून.

आता राग. राग लिहायचा तर पान संपलं. उद्या.

४ मार्च

राग अजून ताजा आहे. लिहिते.

सध्या एकच पुस्तक चाललंय. चार खंडांचं, हा शेवटचा. लेखक कुठेतरी लांब राहतो, पोस्टानं पानं पाठवतो, हिरव्या शाईत, अक्षर मुंगीएवढं. सगळं जग त्यानं मनानंच बनवलंय. समुद्र त्याचा, महिने त्याचे, देवही त्याचेच. देव सात. त्यांना "थोरले" म्हणायचं. थोरल्यांनी एका दुपारी जग केलं आणि मग आपसांत भांडून सूर्य विझवला. विझवला! आणि गेले डोंगरावर बसायला.

मग तो सूर्य पुन्हा पेटवायला कोण निघालं? लंगडा नावाडी! मडक्यात शेवटचा निखारा घेऊन, गोठलेल्या समुद्रावरून होडी ओढत. बरोबर त्याची धाकटी बहीण. चार खंड झाले, तो माणूस एकदाही धड बसून जेवलेला नाही. मी लक्ष ठेवून आहे. आणि थोरल्यांच्या ह्याच खंडात तीन पंगती झाल्या. तिसऱ्या पंगतीत एक थोरला म्हणतो, "मनुष्यांची धडपड पाहून करमणूक होते." मी वाचता वाचता म्हटलं, "हो का? आणि सूर्य कोणी विझवला, तुझ्या आजोबानं?"

काकूंनी टेबलावर टिचकी मारली. "हे हस्तलिखितात आहे?"

"नाही."

"मग अवतरण बंद."

६ मार्च, शुक्रवार

आज जेवणाच्या सुट्टीत चांगलंच जुंपलं. काकू डबा खाताना प्रुफं उलटी घालून ठेवतात, नाहीतर चुका दिसत राहतात म्हणे. मी विचारलं, तुम्हाला संताप येत नाही? त्या म्हणाल्या, "तुझं भांडण कोणाशी आहे गं, भिंगरे?"

"थोरल्यांशी."

"ते कागदावरचे आहेत."

"नावाडीही कागदावरचाच आहे, पण तो राबतो तरी!"

काकू हसल्या. हसल्या की त्यांचा डावा डोळा पूर्ण मिटतो. उजव्यावर मोतीबिंदूची साय आलीये, त्यामुळे हसताना त्यांना बहुतेक काहीच दिसत नसणार. म्हणाल्या, नावाड्याला ती होडी दिली कोणी?

"सुतारणीनं! खंड दुसरा. तिनं घराचे वासे काढले होडीसाठी. तुमच्या थोरल्यांनी एक खिळा ठोकला नाही."

"माझे थोरले कधीपासून झाले?"

"तुम्ही त्यांची बाजू घेताय म्हणून."

मग त्यांनी डबा बंद केला आणि शांतपणे सांगितलं. सातांत एक आहे, तोलणारी. जो जन्मतो, जो मरतो, त्याला ती तराजूत घालते. भांडणात ती नव्हती. सूर्य विझला तेव्हाही तराजू तिच्या हातात होता, खाली ठेवता येत नव्हता. "नावाडी दमला तर होडी सोडून घरी जाऊ शकतो," काकू म्हणाल्या. "जात नाही, हा त्याचा मोठेपणा. पण जाऊ शकतो. आणि एक दिवस मरेल, सुटेल. तिला ना घर, ना सुटका. तिला मोठं कधी म्हणायचं?"

 ह्याचं उत्तर मला आत्ता सुचलंय — खोलीचा जिना चढताना सुचलं, नेहमीसारखं! मरण नाही म्हणजे भीती नाही. भीती नाही तर मग मोठेपणा कसला? ज्याचा पाय मोडू शकतो त्यानंच उडी मारली तर ती उडी. बाकीचं नुसतं खाली येणं.

हे काकूंना उद्या सांगायचं. माझ्या खोलीखाली सायकलवाला आहे, तो सकाळपासून एकच चाक फिरवून बघतोय. सरळ आहे की वाकडं, ठरतच नाही त्याचं. मीही वरून बघत बसले. अर्धा तास गेला. वाकडंच आहे.

७ मार्च

सांगितलं. काकू म्हणाल्या, "पुढचं पान."

१० मार्च, मंगळवार

नावाड्याची बहीण मेली.

बर्फ फुटला. मडकं बुडत होतं, तिनं ते वर ढकललं आणि स्वतः खाली गेली. सतरा वर्षांची. निखारा वाचला. लेखकानं हे दीड पानात लिहिलंय आणि एकही विशेषण वापरलेलं नाही. माणसाला लिहिता येतं, हे मानायला हवं. मग पुढे — "थोरल्यांनी क्षणभर मान खाली घातली." बस! क्षणभर! एक ओळ! आणि लगेच पुढच्या परिच्छेदात डोंगरावरच्या फुलांचं वर्णन. अकरा ओळी फुलं!

माझा आवाज फुटला. थांबले. काकूंनी बोट होतं तिथेच ठेवलं आणि म्हणाल्या, "रडायचं तर स्वल्पविरामावर रड. मधेच शब्द तोडू नकोस."

त्यांचाही आवाज काही धड नव्हता.

मलाही भाऊ आहे. मोठा. त्याच्याबद्दल आज लिहायचं नाहीये.

१२ मार्च

नावाड्याचा उजवा हात गेला. गारठून. थोरले: चौथी पंगत.

१३ मार्च, शुक्रवार

संपलं. आणि मी एक गोष्ट केलीये.

जसं झालं तसं लिहिते. शेवटचं प्रकरण. नावाडी समुद्र ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. एक हात, एक धड पाय, मडक्यात निखारा. वर तोलणारी उभी. ती तराजू खाली ठेवते — चार खंडांत पहिल्यांदा — आणि एका बोटानं निखारा उचलून आभाळात लावते. उजाडतं. सगळे लोक पालथे पडतात. तिचा जयजयकार. ठीक आहे, लोक काय, लोक पडतातच. पण मग नावाडी! तोही गुडघे टेकतो आणि लेखकानं त्याच्या तोंडी घातलंय, "सारं तुझ्या कृपेनं."

कृपेनं!

बहीण कृपेनं बुडाली? हात कृपेनं झडला? मला ती ओळ दिसत होती. हिरवी, मुंगीएवढी, अगदी स्पष्ट. अवतरण सुरू म्हटलं. आणि तोंडातून आलं — "उशीर केलास."

काकूंचं बोट थांबलं. प्रुफात तर दुसरंच असणार ना. टंकणारा ओळी गाळतो, कधी मनाची घालतो, ते रोजचंच. त्या म्हणाल्या, "पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. "उशीर केलास. पूर्णविराम. अवतरण बंद."

काकूंनी पेन उचललं. बराच वेळ धरून बसल्या. मग छापलेलं खोडलं आणि समासात लिहिलं. मग सही.

पहिल्यांदा तोंडातून गेलं, ते गेलं. दुसऱ्यांदा मी वाचलं. हे मला माहीत आहे.

१४ मार्च

पश्चात्ताप? छे! काम सुटल्यावर संध्याकाळभर रस्त्यात हसत फिरले. दोनच शब्द, पण त्या माणसाला चार खंडांत कोणीतरी पहिल्यांदा बोलू दिलं. आणि दुसऱ्या प्रुफात सापडेलच. कोणीतरी हस्तलिखित बघेल, म्हणेल हे काय, पुन्हा मूळचं घालतील. तेवढ्यापुरता तरी नावाडी बोलला.

आज पहाटेपासून नवीन चपला चावतायत.

२० मार्च, शुक्रवार

सापडलं नाही.

खाली मशीनवर गेले होते, रद्दी कागद मागायला. मशीन चालवणारे दादा शेवटच्या फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालत होते. मला बघून ओरडले, "अगं, वाचलं का? म्हणतो कसा, उशीर केलास! चार खंड मी हेच म्हणत होतो, राव!" आणि हातातला कागद फडकावून दाखवला. छापलेला. काळा. दोन हजार प्रती.

मी विचारलं, दुसरं प्रूफ कोणी वाचलं? दादा म्हणाले, वाचलं की. पहिल्या प्रुफावरच्या दुरुस्त्या उतरल्या का, एवढंच बघतात. हस्तलिखित कोण बघतंय परत? काकूंची सही असली की पुरे.

काकूंची सही असली की पुरे.

म्हणजे त्या पानाला आणि जगाला जोडणारी गोष्ट एकच होती — माझं तोंड. सात आठवडे मी तिथे बसले आणि मला हे कळलं नाही. मला वाटायचं वर कुणीतरी असेल, बघेल, निस्तरेल!

२४ मार्च, मंगळवार

लेखकाचं पत्र आलं; छापलेली शेवटची पानं त्याला गेल्या आठवड्यातच पोस्टानं गेली होती. हिरव्या शाईत एकच ओळ: शेवटच्या पानावरचं ते वाक्य कोणाचं?

मालक जिना चढून वर आले. ते कधी वर येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात पत्र, हस्तलिखिताचं शेवटचं पान, आणि काकूंच्या सहीचं प्रूफ. तिन्ही टेबलावर मांडली. मी कपाटाजवळ दोरी गुंडाळत उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हे काय आहे, बाई?"

काकूंनी तिन्ही कागद डोळ्याजवळ नेऊन वाचले. सावकाश. मग म्हणाल्या, "माझी चूक."

"चूक? एक अक्षर सुटलं तर चूक. इथे अख्खं वाक्य तुमच्या हातचं आहे! डोळे गेलेत, आता काय कानही गेले?"

"माझी सही आहे, माझी चूक आहे."

"एकतीस तारखेपर्यंत टेबल आवरा." आणि गेले. जिन्यावर अर्ध्यात थांबून दम खाल्ला, तोही ऐकू आला.

मी दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झालेली दोरी मी परत सोडून परत गुंडाळत होते. तोंड — एरवी थोरल्यांवर तोफ डागणारं हे तोंड — मिटलेलं!

काकूंनी पुढचा गठ्ठा ओढला. "चल. कोणतं पान?" एवढंच.

२५ मार्च, बुधवार

कामावर गेले नाही. पिशवी भरली. पिशवी भरायला मला वीस मिनिटं लागतात, सवय आहे. फेरीबोटीवरून अशीच निघाले, शेडातून अशीच. घरातूनसुद्धा. वडील आजारी होते, भाऊ म्हणाला दोन दिवस थांब, मी नाही तोवर तू बघ, मग मी बघतो. मी एकही दिवस थांबले नाही. अकरा महिने तो एकटा बघत होता. लिहिणार नव्हते, लिहिलं.

बस अडीचची होती. थांब्यावर बसले. आणि मला असा राग आला, असा राग आला — आणि ह्या वेळी रागाला डोंगरावर कोणी सापडेना! भांडण लावायचं, सूर्य विझवायचा, आणि चार खंड दुसऱ्या कोणीतरी होडी ओढायची. आपण फुलं बघायची.

बस आली. वाहक म्हणाला, "ताई, चढायचं की नुसतं बघायचं?"

नाही चढले.

२६ मार्च, गुरुवार

मालकांना सांगितलं. केबिनमध्ये उभं राहून, सरळ. मी वाचताना बदललं. दोनदा. काकूंचा दोष नाही.

मालक ऐकत होते. मग म्हणाले, "पुरावा?"

मला कळेचना.

"ताडणारीची सही असते. वाचणारीचं काय असतं? हवा! उद्या तू म्हणशील सगळं पुस्तक मीच सांगितलं. बाईंना वाचवायला आलीयेस, चांगलं आहे, मन मोठं आहे तुझं. जा, काम कर."

मन मोठं! आयुष्यात एकदा खरं बोलले आणि त्याचं दान झालं! गुन्हा माझा, आणि तो माझा म्हणायलाही सही लागते! मी ओरडले. टंकणारा डोकावला. मालकांनी कानात बोट घातलं.

वर गेले. काकूंना सांगितलं. रडत, मध्ये मध्ये शब्द तोडत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

कधीपासून?

"तू 'पुन्हा'नंतर वाचलंस तेव्हापासून. पहिल्यांदा तू नेहमी वाचतेस तसं वाचलंस. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून वाचलंस. कागदाकडे बघून वाचणाऱ्याचा आवाज खाली जातो, भिंगरे. तुझा समोर आला."

मग पान मागून का नाही घेतलं?

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "एकतीस वर्षांत मी एका अक्षराला माझं मत दिलेलं नाही. जे लिहिलं ते बरहुकूम. कितीतरी वेळा वाटलं, हे असं नको. हात नाही उचलला. आपलं काम तराजूचं." मग म्हणाल्या, "त्या दिवशी खाली ठेवला. आता त्याची किंमत तू का देतेस?"

"कारण बोलले मी!"

"आणि लिहिलं मी. तू सहा महिन्यांत जाशीलच की."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच बोलल्या असतील. पण त्यांना दुसरीकडे कोण घेणार, ह्या डोळ्यांनी? दुसरं कामही त्यांना येत नाही. त्या भाजीची यादीसुद्धा मोठ्यानं वाचून ताडतात.

२८ मार्च, शनिवार

मालकांच्या दारात पुन्हा गेले. म्हटलं, ह्यापुढे प्रत्येक गठ्ठ्यावर वाचणारीचीही सही घ्या. काकूंच्या सहीशेजारी माझी. म्हणजे हवा राहणार नाही. आणि मी एक वर्ष लिहून देते, जाणार नाही.

"तू? वर्षभर?" मालक एवढे हसले की मशीनवाले दादा बघायला आले. दादा म्हणाले, "घ्या ना लिहून, मालक. पोरगी वाचते छान." मालक म्हणाले, लेखक पुस्तक परत मागवेल, सगळ्या प्रती लगदा होतील, मग बघू कोण वाचतं आणि कोण ताडतं.

काकूंनी खण रिकामा केला. एकतीस वर्षांची लाल पेनं, सगळी संपलेली. टाकली नव्हती एकही. मी हसले, त्याही हसल्या.

तरी माझं म्हणणं कायम आहे. कृपेनं नाही. तोलणारी वाईट नसेल, काकू म्हणतात तसं तिचंही काही असेल, ते मी आता मान्य करते. पण नावाड्यानं गुडघे टेकून आभार मानायचे? नाही! नाही म्हणजे नाही!

३१ मार्च, मंगळवार

उभ्यानं लिहितेय, खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून. लेखक आलाय! न कळवता, बसनं, स्वतः. म्हातारा, बारीक, एका बाहीला शाई. मालकांच्या केबिनवरून सरळ पुढे आला, जिना चढला आणि दारातच विचारलं, "वाचणारी कोण?" काकू म्हणाल्या, "चूक माझी आहे." मी हात वर केला. त्यानं पिशवीतून चारही खंडांची पानं काढली, काकूंच्या रिकाम्या टेबलावर थप्पी लावली आणि माझ्या खुर्चीत बसला. म्हणतो, "पहिल्या पानापासून वाच. तुला जिथे जे तोंडात येईल ते वाच. बाई ताडतील. मला ऐकायचंय." काकू पेन शोधतायत. मालक दारात उभे आहेत, खोलीत तिसरी खुर्ची नाही.